वाळवीच्या पोटातलं प्रॅक्टिकल

त्या दिवशी एफवाय बीएस्सीच्या बॅचला तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) दाखवायच्या होत्या. गालाच्या आतून टूथपिकने पेशी खरवडून घ्यायच्या, जॅनस ग्रीन या रंगाचा थेंब टाकायचा आणि निळसर-हिरवे ठिपके शोधून जर्नलमध्ये आकृती काढायची. मुलांना ठिपके दिसत होते, पण जीव त्यात रमत नव्हता. 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे शब्द शाळेपासून पाठ. आकृती काढली की सुटलो.

शेजारच्या स्टोअररूममध्ये सुतार दाराची चौकट बदलत होता. कोकणातल्या पावसात ओल धरलेलं लाकूड, हातात आलं ते आतून पोखरलेलंच. लॅबमधले मामा त्याचा एक तुकडा कागदावर घेऊन आले. "मॅडम, हे टाकून देऊ, की तुम्हाला बघायचंय?"

तुकड्यात वाळवी वळवळत होती. पिवळट डोक्याच्या एका सैनिकाला मी सुईचं टोक लावलं, आणि त्याच्या कपाळावर दुधासारखा पांढरा थेंब उभा राहिला. ही कॉप्टोटर्मिस या लाकूड पोखरणाऱ्या वाळवीची खूण. मी मुलांना आकृत्या बाजूला ठेवायला सांगितल्या.

माझ्या आनंदाचं कारण त्यांना लगेच कळलं नाही. आपल्याकडे वारुळं बांधते ती वाळवी बहुतेक ओडोंटोटर्मिस. ती वारुळाच्या आत बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. तिच्या आतड्यात मी शोधत होते ते, लाकूड पचवणारे एकपेशीय जीव नसतातच. ते असतात या लाकडात राहणाऱ्या, उत्क्रांतीच्या दृष्टीने जुन्या घराण्यातल्या वाळवीत.

कामकरी वाळवी घेतली. एका चिमट्याने डोकं धरायचं, दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक, आणि हलक्या हाताने ओढायचं. अख्खं आतडं सुटून येतं. मागचा फुगीर, तपकिरी भाग सलाईनच्या थेंबात फोडला आणि झटकन कव्हरस्लिप ठेवली. इथे घाई लागतेच, कारण आतले रहिवासी हवेतल्या ऑक्सिजनने मरतात.

पहिल्या मुलाने डोळा लावला आणि भिंगापासून मागेच सरकला. "मॅडम, अख्खी स्लाईड हलतेय!"

खरंच हलत होती. जागा मिळेल तिथे एकपेशीय जीव. सर्वांत मोठा स्यूडोट्रायकोनिम्फा: लांबट, चातीसारखा, अंगभर हजारो कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे बारीक धागे. त्या एका लयीत हलतात तेव्हा वाऱ्यावर भाताचं शेत लवावं तशी लाट सगळ्या अंगावरून जाते. पोटात लाकडाचे कण स्पष्ट दिसत होते. ही एकच पेशी आहे, हे मुलांना दोनदा सांगावं लागलं. वाळवीने कुरतडलेल्या लाकडातलं सेल्युलोज मुख्यतः हेच जीव पचवतात. 1920 च्या दशकात लेम्युअल क्लीव्हलंड यांनी वाळवीच्या पोटातले हे जीव मारून टाकले आणि तिला लाकूड खायला दिलं. ती खात राहिली आणि भुकेने मेली.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, यांच्यावर जॅनस ग्रीन टाकला तर तंतुकणिका दिसतील?"

त्या दिवसाचं खरं प्रॅक्टिकल इथे सुरू झालं. जॅनस ग्रीनचा रंग तंतुकणिकेत टिकतो, कारण तिथली ऑक्सिजन वापरणारी विकरं त्याला रंगहीन होऊ देत नाहीत. या जीवांकडे ती यंत्रणाच नाही. तंतुकणिकेच्या जागी असतात हायड्रोजनोसोम नावाचे पेशीतले छोटे भाग. ऑक्सिजनशिवाय थोडंसं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) बनवायचं आणि हायड्रोजन वायू सोडायचा, हे त्यांचं काम. 1973 मध्ये लिंडमार्क आणि म्यूलर यांनी याच गटातल्या, गुरांमधल्या एका परजीवीत ते शोधले. त्यांच्यात स्वतःचा डीएनए नाही, म्हणून मूळ लवकर कळेना. पुढे 1996 मध्ये त्यांच्या काही प्रथिनांची जनुकं पेशीकेंद्रकात सापडली, आणि ती तंतुकणिकांच्या जनुकांची जवळची नातलग निघाली. म्हणजे दीड अब्ज वर्षांहूनही आधी एका पेशीत शिरून राहिलेला जो जीवाणू आपल्यात तंतुकणिका झाला, तोच ऑक्सिजन नसलेल्या जागी हायड्रोजनोसोम झाला.

मी फळ्यावर वाळवी काढली, तिच्या आत कशाभिकांची पेशी, तिच्या आत हायड्रोजनोसोम. ही पेशी लाकूड आंबवते तेव्हा ॲसिटेट तयार होतं, आणि त्याच्या निर्मितीत हायड्रोजनोसोमचा हात असतो. ते ॲसिटेट आतड्याच्या भिंतीतून वाळवीच्या शरीरात जातं आणि तिच्या पेशींतल्या तंतुकणिका ते ऑक्सिजनवर जाळतात. एकाच पूर्वजाचे दोन वंशज. एक भिंतीच्या आत, एक बाहेर, आणि पहिल्याच्या हातचं अन्न दुसऱ्याच्या पोटात. मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलेय. तरी ती फाटलेली आतड्याची भिंत आणि तिच्याशेजारी पोहणारी ती पेशी एकाच स्लाईडवर पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

मुलं सुटायला तयार नव्हती. लाकडात नायट्रोजन नगण्य, मग प्रथिनं कशी बनतात? त्याचंही उत्तर पेशीच्या आतच आहे. 2008 मध्ये जपानी संशोधकांनी फॉर्मोसन कॉप्टोटर्मिसमधल्या स्यूडोट्रायकोनिम्फाच्या पेशीत राहणाऱ्या जीवाणूचा जीनोम वाचला. तो हवेतला नायट्रोजन स्थिर करतो, यजमानाला अमिनो आम्लं पुरवतो. तंतुकणिकेच्या वाटेवरचा हा नवा प्रवासी म्हणा. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी (तेव्हा त्या लिन सेगन या नावाने लिहीत) पेशी अशा एकत्र येण्यातून घडली असं मांडलं, तेव्हा तो लेख अनेक नियतकालिकांनी परत केला होता.

"मग तंतुकणिकेचा अवशेषसुद्धा नसलेली पेशी असू शकते?" एकाने विचारलं. असते. 2016 मध्ये मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय जीवात तिचा मागमूसही सापडला नाही. लोह-गंधकाचे जे छोटे पुंजके बनवण्यासाठी हायड्रोजनोसोमही टिकून आहे, ते बनवण्याची यंत्रणा या जीवाने दुसऱ्या जीवाणूंकडून जनुकं मिळवून उभी केली आहे.

आता तोंडी परीक्षेत मी 'ऊर्जाकेंद्र' या उत्तरावर थांबत नाही. पुढे विचारते: ऑक्सिजनच मिळाला नाही, तर ही पेशी तंतुकणिकेचं काय करेल?