आमची वाटचाल : गिअरबॉक्स उघडण्याआधी

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची वापरलेल्या तेलाची तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे. त्याआधी मी एका साखर कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये होतो. ऐन गळीत हंगामात मिलचा गिअरबॉक्स बसला की काय होतं, ते तिथं पाहिलं. गव्हाण थांबते, यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो आणि साखर उतारा घटतो. ऊसतोड टोळीपासून सभासदापर्यंत सगळ्यांचं नुकसान. आतलं बेअरिंग मात्र कितीतरी आधीपासून झिजत असतं आणि झिजलेल्या धातूचे कण तेलात उतरत असतात. हे वेळेत कळलं पाहिजे, या ध्यासातून व्यवसाय सुरू झाला.

ही विद्या जुनी आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेनं 1940 च्या दशकातच डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू मोजायला सुरुवात केली होती. आपल्या रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्येही ती रुळली. लहान कारखानदारापर्यंत मात्र ती पोचली नव्हती.

सुरुवातीला आमच्याकडे तेलाचा दाटपणा मोजायचा व्हिस्कॉसिटी बाथ आणि एक हॉट प्लेट होती. तापलेल्या प्लेटवर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला की तेलात पाणी. मिल हाऊसमधली बरीच दुखणी एवढ्यावरच सापडायची. पुढं कर्ज काढून तेलातले धातू मोजणारा स्पेक्ट्रोमीटर घेतला. त्यात ग्राफाइटची चकती तेलात बुडून फिरते, तिच्यावर आलेल्या तेलाच्या पातळ थरावर ठिणगी पडते आणि प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. डिझेल इंजिनात लोखंड बहुधा लायनरचं, क्रोमियम रिंगचं, शिसं आणि कथील बेअरिंगचं. वर्म गिअरबॉक्समध्ये तांबं चढलं तर ब्राँझचं चाक झिजतंय. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम जोडीनं वाढले तर धूळ शिरतेय, आधी एअर फिल्टर आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची झडप) बघा. पण नुसतं सिलिकॉन दिसलं म्हणून धूळच समजू नये. ते सीलंटमधून येतं, तेलातल्या फेसरोधक अॅडिटिव्हमध्येही असतं. म्हणून आम्ही नव्या, न वापरलेल्या तेलाचा नमुनाही मागतो.

या यंत्राची मर्यादा ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगतो. साधारण 8-10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत, आणि गिअरच्या दाताचे किंवा बेअरिंगचे टवके उडतात ते त्याहून मोठे असतात. त्यासाठी चुंबकीय पीक्यू निर्देशांक, म्हणजे तेलात लोखंडाचे एकूण कण किती त्याचा आकडा, मोजतो आणि गरज पडली तर फेरोग्राफीची, म्हणजे चुंबकानं कण ओढून बसवलेली, काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतो.

एका कारखान्याच्या मिल गिअरबॉक्सचं उदाहरण सांगतो. लोखंडाचा आकडा नमुन्यागणिक जवळपास तोच होता, पीक्यू मात्र चढत निघाला. काचेवर चपटे, चकचकीत, कडा तुटलेले कण दिसले. आम्ही चीफ इंजिनिअर साहेबांना फोन केला. त्यांनी क्लीनिंगच्या थांब्यात इन्स्पेक्शन कव्हर काढलं, तर पिनियनच्या (लहान गिअरच्या) बेअरिंगला पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे, पडले होते. बेअरिंग मागवून ठेवलं आणि पुढच्या थांब्यात बदललं. त्यासाठी वेगळं गाळप एक पाळीही थांबलं नाही. त्या अहवालाचं समाधान मला आजही आहे.

आमच्या कामाचा अर्धा भाग मात्र प्रयोगशाळेबाहेर असतो. ड्रेन प्लग काढून तळाचा गाळ बाटलीत भरला, तर महागडं यंत्रही खोटंच बोलणार. नमुना मशीन चालू असताना किंवा बंद केल्या-केल्या, तेल गरम असतानाच, फिल्टरच्या आधी आणि दरवेळी त्याच जागेवरून घ्यायचा. बाटलीवर मशीनचे तास, तेलाचे तास आणि मध्ये किती टॉपअप झालं ते लिहायचं. 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) लोखंड 250 तासांच्या तेलात आणि 1000 तासांच्या तेलात सारखं नसतं. हे सगळं नीट करतो तो फिटर. म्हणून ऑफ सीझनला आम्ही कारखान्यांत जाऊन फिटर मंडळींना हाताला धरून शिकवतो.

आम्ही तेल विकत नाही, आणि विकणारही नाही. तेल चांगलं असेल तर अहवालात सरळ लिहितो : बदलू नका, पुढचा नमुना 250 तासांनी पाठवा. आता साखर कारखान्यांबरोबर फाउंड्रीचे कॉम्प्रेसर, खडी क्रशरवाल्यांचे एक्स्कॅव्हेटर आणि डीजी सेटचे (डिझेल जनरेटरचे) नमुनेही येतात. तुमच्याकडचं एखादं मशीन सतत त्रास देत असेल, तर पहिली बाटली त्याचीच पाठवा.