उद्या भाजी काय करू?

मंगळवार, 6 जानेवारी, रात्रीचे पावणेअकरा

आज लग्नाला 41 दिवस झाले. मी मोजत नव्हते, पण दुपारी मम्मीचा फोन आला आणि तिने विचारलं गॅसचं बिल आलं का, म्हणून कॅलेंडर बघितलं तर लक्षात आलं, अरे सव्वा महिना होऊन गेला की मी डोंबिवलीकर होऊन.

या दिवसांत स्वयंपाकातलं सगळ्यात अवघड काय गेलं असं मला कोणी विचारलं ना, तर लोकांना वाटेल पोळ्या. पण पोळ्या मला येतात, नववीत असल्यापासून करतेय, भाकरी पण बरी जमते. अवघड जातंय ते ठरवणं. सकाळी डब्याला काय, रात्री काय, फ्रिजमध्ये कोबी अर्धा आहे तो कधी संपवायचा, परवा केलेली मटकी पुन्हा चालेल का, दोडका आणला तर हा खाईल का. प्रत्यक्ष फोडणी द्यायला पाच मिनिटं लागतात आणि त्याआधी डोक्यात दोन दिवस ती भाजी चालू असते. ऑफिसचा कॉल सुरू असतो, मी म्यूटवर असते आणि मनात चाललेलं असतं की कोथिंबीर पिवळी पडायच्या आत वडी करून टाकावी.

जळगावला आमच्याकडे मम्मी रोज रात्री जेवणं झाली की ताटं उचलता उचलता विचारायची, "उद्या भाजी काय करू?" आणि पप्पा टीव्हीकडे बघत, दादा फोनमध्ये बघत आणि मी पुस्तकात डोकं घालून, तिघंही एकच उत्तर द्यायचो. "काहीही कर." मला तर वाटायचं आपण किती समजूतदार, आपले काही नखरे नाहीत, तिला मोकळीक देतोय. मम्मी जरा वेळ तिथेच उभी राहायची आणि मग आत जायची. ते उभं राहणं मला आत्ता, 41 दिवसांत, समजलंय. कारण इथे पहिल्या आठवड्यात मी याला विचारलं, "उद्या डब्याला काय करू?" आणि हा अगदी प्रेमाने म्हणाला, "काहीही कर गं, तू करशील ते मला आवडतं." तो मनापासूनच म्हणाला होता. पण मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले, मम्मीसारखी, आणि माझे डोळे भरून आले, का ते त्याला कळलं नाही आणि मला पण नीट सांगता आलं नाही.

त्याच रात्री मम्मीला फोन करून सॉरी म्हणाले. तिला वाटलं माझं काही बिनसलंय. "काय झालं, भांडलात का?" मी म्हटलं नाही गं, भाजीबद्दल सॉरी. ती हसायला लागली आणि मग थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "बरं, उद्या काय करतेस?" मी म्हटलं तूच सांग. आणि तिने सांगितलं! मेथी कर, शेंगदाण्याचा कूट घालून, मुगाची डाळ भिजवून टाक थोडी. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या रात्री शांत झोपले.

आता थोडं आमटीचं लिहिते कारण ते पण मनात साचलंय. आमचं घर खान्देशी, म्हणजे लसूण, शेंगदाणे, काळा मसाला, तेलाची तर्री. याचं घर गुहागरचं, म्हणजे ओलं खोबरं, आमसूल, गोडा मसाला आणि आमटीत गूळ. सासूबाईंना मी आई म्हणते आणि माझ्या आईला मम्मी, त्यामुळे फोनवर कधी गोंधळ होत नाही, पण आमटीत होतो. मी दोन्हीकडून शिकतेय ना. आईंनी जाताना वहीत लिहून दिलं होतं, अर्धी वाटी तूरडाळ, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ. "सुपारीएवढा" हे मला फार आवडलं, कारण मम्मीचं माप म्हणजे "अंदाजाने" आणि "बघ तुझं तू". तर मी आईंच्या वहीप्रमाणे चार दिवस गोड आमटी केली, हा खूश, आणि मला मात्र जेवल्यासारखंच वाटेना. पाचव्या दिवशी मी गूळ घातलाच नाही, लसणाची चरचरीत फोडणी दिली, वरून लाल तिखट. याने भात कालवला, खाल्ला, एक शब्द बोलला नाही, फक्त दुसऱ्यांदा भात घेतला नाही. त्याला नेहमी दुसऱ्यांदा लागतो. मी रात्रभर त्या न घेतलेल्या भाताचा विचार करत होते. म्हणजे बोलला असता की मला तिखट झालं तर मी एवढी दुखावले नसते.

आणि अंदाज चुकणं हे वेगळंच. मम्मीच्या घरी माणसं चार पण हात सात जणांचा, कोण येईल सांगता येत नाही म्हणून. माझा हात तसाच तयार झालाय. सुरुवातीला दोघांसाठी मी एवढं वरण लावायचे की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वरणफळ, रात्री उरलेल्याचे पराठे. रुखवतात पाच लिटरचा कुकर आला, तीन डिनर सेट आले, काचेचे बाउल किती ते मोजले नाहीत, पण साधी सांडशी एकानेही दिली नव्हती, पहिले दोन दिवस मी गरम पातेलं ओढणीने उतरवत होते. आता तीन लिटरचा कुकर घेतलाय. अर्धी वाटी डाळ, एक छोटी वाटी तांदूळ, दीड वाटी कणकेच्या सहा पोळ्या, चार त्याच्या डब्यात आणि दोन माझ्या. हे गणित बसायला महिना लागला आणि ते बसलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, पातेलं रिकामं बघून.

तर रविवार. रविवारबद्दल लिहायलाच मी आज बसलेय.

पप्पांनी शेजारच्या काकांबरोबर पाच किलो वांगी पाठवली, भरताची, ती हिरवी पांढरट, मोठी, एकेक हातात मावत नाही अशी. बरोबर कळण्याचं पीठ. काका अमरावती एक्सप्रेसने येत होते, पहाटे कल्याणला उतरणार, आणि हा माझ्याआधी उठून, स्वेटर घालून, पहिल्या लोकलने कल्याणला जाऊन ती पिशवी घेऊन आला. पिशवी उघडली तर वांग्यांना शेताचा वास होता. मी वांगं नाकाला लावून तशीच बसले थोडा वेळ.

आमच्याकडे थंडीत भरीत म्हणजे काय असतं हे इकडच्या लोकांना सांगून कळत नाही. घरात नाहीच करायचं ते, शेतात करायचं. तुरीच्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, काळीठिक्कर होईपर्यंत उलटीपालटी करायची, मग बायकापुरुष सगळे गोल बसून चटके सोसत सालं काढणार. मिरच्या पण भाजायच्या, लसणाबरोबर ठेचायच्या. मग भरपूर तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि हळद अजिबात नाही, भरताचा रंग हिरवट पांढराच राहिला पाहिजे. बरोबर कळण्याची पुरी किंवा भाकरी, ज्वारीत काळे उडीद घालून दळलेलं ते पीठ. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी याला मोठ्या अभिमानाने सांगितलं तर म्हणे आमच्या कोकमाला पण आहे. असू दे. चांगलंच आहे की.

इथे ना शेत ना काड्या. पाइपच्या गॅसवर फुलक्याची जाळी ठेवली, वांग्याला तेलाचा हात लावला, सुरीने टोचलं आणि लावलं. एक वांगं भाजायला वीस मिनिटं, सारखं फिरवत राहायचं, पाणी गळून बर्नर विझत होता, किचनभर धूर. तिसऱ्या वांग्याला शेजारच्या काकू दारात, काही जळतंय का विचारायला. मी म्हटलं भरीत करतेय. तर म्हणाल्या, वास तर गावाकडचा येतोय. त्यांना एक वाटी दिली नंतर.

हा माझ्याशेजारी उभा राहून सालं काढत होता. बोटं पोळली तर कानाच्या पाळीला लावत होता. आणि काम करता करता मी बोलून टाकलं. न घेतलेल्या भाताचं बोलले, मम्मीच्या उभं राहण्याचं बोलले, आणि म्हटलं तू काहीही कर म्हणतोस ना तेव्हा मला एकटं वाटतं. करायचं तर मीच आहे, त्याचं मला काही नाही, मला आवडतं करायला, पण ठरवायला तरी कोणीतरी सोबत असू दे. हा ऐकत होता. मग म्हणाला, आमच्याकडे आईने कधी विचारलंच नाही, ताटात येईल ते खायचं, नावं ठेवायची नाहीत, अशीच सवय. मला वाटलं मी काही मागितलं तर तुला ओझं होईल. आणि ती तिखट आमटी, म्हणाला, मला खरंच तिखट लागली होती पण तू इतक्या आशेने बघत होतीस.

एवढं साधं होतं. आणि मी महिनाभर मनात काय काय धरून बसले होते.

भरीत त्याच्या वाटणीचं मी मिरचीचा ठेचा घालायच्या आधीच बाजूला काढलं, नंतर त्यात अर्धा चमचाच घातला. त्याने दही घेऊन खाल्लं. दोनदा घेतलं. कळण्याच्या भाकरीच्या कडा जरा फाटल्या, माझा हात गेला होता सवयीचा, पण चव तीच होती, डोळे मिटले की शेत. मम्मीला व्हिडिओ कॉल केला, तिने ताट बघितलं, म्हणाली पात थोडी कमी पडलीय. पडली होतीच.

काल सोमवारी पुन्हा पोळी आणि फ्लॉवर, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

आज संध्याकाळी मी ऐरोलीहून थकून आले, आठ वाजले होते. पिठलंभात केला. पुढच्या मंगळवारी भोगी आहे, मग संक्रांत, माझी पहिली, आई येणार आहेत काळी साडी आणि हलव्याचे दागिने घेऊन, त्याची यादी करत मी जेवत होते आणि ताटं उचलताना तोंडातून सवयीने निघून गेलं, उद्या भाजी काय करू? हा थांबला. खरंच विचार करत होता, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाला, "उद्या माहीत नाही, पण डाळिंब्या खाव्याशा वाटतायत. ओलं खोबरं घालून. आई करते तशा."

मी म्हटलं अरे वाल काय असे उद्या होतात का, भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. तर लगेच आईंना फोन लावला, स्पीकरवर. आई म्हणाल्या, "अगो, थंडी आहे, मोड यायला वेळ लागेल, आत्ता कोमट पाण्यात भिजत घाला, सकाळी उपसून पंच्यात बांधा आणि वर जाड काहीतरी गुंडाळा. गुरुवारी संध्याकाळी गरम पाण्यात टाकून सोलायचे." मग जरा थांबून विचारलं, "सोलणार कोण?" हा म्हणाला, "मी." पलीकडे आई काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरं. नखं काप आधी."

वाल त्यानेच निवडले, धुतले, एक वाटी. मी फक्त पाणी कोमट आहे ना ते बोट घालून बघितलं. घरात पंचा नाहीये, त्याचा एक जुना सुती रुमाल धुऊन दोरीवर टाकलाय, सकाळपर्यंत वाळायला हवा. नारळ उद्या येताना तो आणणार आहे, विळी आहे, आईंनीच दिलेली.

उद्याच्या डब्याला मात्र अजून काही ठरलं नाहीये. अर्धा कोबी आहे.