काउंटरवरचा बहार

शनिवारी कॉमिक्सचा कप्पा लावायला घेतला की संपत नाही. मुलं तिथेच फतकल मारून वाचतात आणि पुस्तक हाताला येईल तिथे खोचून जातात. जर्सी सिटीतल्या वाचनालयात हे काम करून मला बरीच वर्षं झाली, पण 'मिस मार्व्हल' कधी जागेवर सापडलेली आठवत नाही. साहजिकच आहे, तिची नायिका कमला खान याच गावची. पाकिस्तानी आईबापांची सोळा वर्षांची पोर.

त्या दुपारी तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी २०१४चा पहिला अंक उघडून काउंटरशी आली. "हा मंत्र आहे का? म्हणायचा कसा?"

पान ओळखीचं होतं. पार्टीतून वैतागून निघालेली कमला धुक्यात सापडते आणि तिला कॅप्टन मार्व्हल, आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका दिसतात. चित्रकार एड्रियन अल्फोनाने तिघांना असं तरंगत ठेवलंय की आपल्याकडच्या कॅलेंडरवरचे देवच. आणि लेखिका जी. विलो विल्सनने कॅप्टन मार्व्हलच्या तोंडी घातलाय चक्क अमीर खुसरो! रोमन लिपीत.

मुलीने वाचून दाखवलं. 'फूल' म्हणजे मोहरीचं फुलणं, त्याचा तिने इंग्रजी मूर्ख केला. हे पान मी आधी तीनदा तरी डोळ्यांखालून घातलं होतं, पण कान बंद ठेवून. तिच्या वेड्यावाकड्या उच्चारांतून एकदम लक्षात आलं, अगं, ही तर बहार रागातली बंदिश! सांगलीच्या क्लासात बाईंनी घोटून घेतलेली. मी तिथेच गुणगुणले. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. वाचनालयात शांतता राखा, हे सांगायचा पगार मी घेते.

मुलीने पान उलटलं. कमला आता सोनेरी केसांची, उंच बुटांची झालेली. "पुढच्या अंकात तिला हे बूट चावतात," ती म्हणाली. मला तेच आवडतं. अल्फोनाची कमला मोठ्या नाकाची, अवघडून उभी राहणारी. वेश बदलला तरी अवघडलेपण जात नाही. मग ती बुर्किनीचाच, म्हणजे अंगभर पोहण्याच्या कपड्याचाच, पोशाख शिवते. स्वतःची मालिका मिळालेली मार्व्हलची पहिली मुस्लिम नायिका म्हणून कौतुक खूप झालं, पण त्या नाकाबद्दल कुणी बोलत नाही.

"पुन्हा म्हणा ना."

म्हटलं. या वेळी तिचं 'फूल' नीट आलं.

"पुढे?"

अंतरा काही आठवेना. सांगलीत रात्रीचे साडेबारा वाजलेले, तरी ताईला मेसेज टाकला.