गोडबोल्यांचा रंग

शनिवार, रात्री

‘अ पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटातले इंग्रज नट ॲलेक गिनेसचे गोडबोले पुन्हा पाहिले आणि पुन्हा टोचले. अभिनय वाईट असता तर सुटका होती.

ई. एम. फॉर्स्टरच्या त्याच नावाच्या १९२४च्या कादंबरीत या गोडबोल्यांचे डोळे करडे-निळे आणि रंग युरोपियन माणसाइतका गोरा. दिग्दर्शक डेव्हिड लीनने १९८४ मध्ये चित्रपटात घेतला खरा इंग्रजच, आणि त्याला तपकिरी रंगवला! ज्याला रंगाची गरजच नव्हती त्याला. का, तर भारतीय आहे हे लांबून कळायला हवं.

हा मेकअपचा बेस नुसता चेहऱ्यावर लावून भागत नाही. कानामागे, पापण्यांवर, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत न्यावा लागतो. तळहात मात्र फिकेच ठेवायचे. एकाच छटेचा थर बसला की चेहरा सपाट दिसतो, कारण खरी कातडी ओठांभोवती, डोळ्यांखाली रंग बदलते. वरून पावडर मारली की सावळ्या त्वचेची दिव्याखालची चमकही जाते. मग घाम येतो आणि कॉलरला डाग पडतात.

गिनेसना सवय होती म्हणा. लीनसाठीच १९४८ मध्ये ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या ज्यू फेगिनचं नाक, १९६२ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तल्या अरब राजपुत्र फैसलची दाढी, शेवटी हे.

माणसं मिळत नव्हती असं कुणी सांगू नये. दोनच वर्षं आधी ॲटनबरोंच्या ‘गांधी’त गोखले श्रीराम लागूंनी केले होते, कस्तुरबा रोहिणी हट्टंगडींनी. कादंबरीच्या शेवटी गोडबोले गोकुळाष्टमीला तुकारामाचं नाव घेत गातात. लीनने तो शेवटच काश्मीरला नेला. गिनेसचं नृत्यही कापलं. ते त्यावर नाराज होते म्हणे. आमचे तुकोबा गेले त्याचं कुणाला काय.

याच चित्रपटात बंगाली व्हिक्टर बॅनर्जींनी केलेल्या अझीझ या मुसलमान डॉक्टरबद्दल मला काहीच का वाटत नाही? जाऊ दे.

मग टोचतं काय? इंग्रज घेतला हे, की गोऱ्या गोडबोल्यांना सावळं केलं हे? दुसरं असेल तर कठीण आहे. घारे-गोरे हे कौतुक तर आमच्याच स्थळांच्या जाहिरातींतलं. तिथे सर्वसमावेशक निवड व्हावी म्हणून कुणी पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही.

हा चित्रपट नव्याने कुणी केलाच तर गोडबोले कोण, असा विचार करताना मी थेट घारे डोळेच धुंडाळायला लागले. कास्टिंगवाले वेगळं काय करतात? असू दे सावळाच. अभंग ठेक्यात म्हणता आला म्हणजे झालं, आणि धोतर दुटांगी नेसता यायला हवं.