तुम्ही विचारलंत म्हणून: एका वूफरला दोन अँप

डबल कॉइल वूफरला (बासचा स्पीकर, ज्यात तारेची दोन वेटोळी म्हणजे कॉइल असतात) दोन वेगळे अँप (अँप्लिफायर) लावले तर चालतं का, हे मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा दोन छोटे अँप आधीच पडलेले असतात. चालतं. माझ्याकडे 12 इंची वूफर आहे, 4-4 ओहमच्या दोन कॉइल (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका अँपवर भार जास्त). पॅरलल जोडल्या तर 2 ओहम, ते माझ्या अँपला झेपत नाही, सिरीजमध्ये 8 ओहम, मग अँपची पॉवर निम्मीच निघते. दोन अँप लावले की ज्याला त्याला आपले 4 ओहम.

फक्त एक आहे, कॉइल दोन असल्या तरी गुंडाळलेल्या एकाच फॉर्मरवर (नळीवर), एकाच मॅग्नेटच्या फटीत, आणि कोन (आवाज काढणारा हलता पडदा) तर एकच. एका गाडीचे दोन बैल. मी पहिल्यांदा जोडलं तेव्हा एका कॉइलचे प्लस-मायनस उलटे लागले होते, बास येईना म्हणून शहाण्यासारखा आवाज वाढवत गेलो, कोन जागचा हलेना आणि थोड्या वेळाने वार्निश जळल्याचा वास! दोन्ही कॉइल एकमेकींना अडवत होत्या आणि सगळी पॉवर नुसती उष्णतेत जात होती. वूफर वाचला, नशीब. आता आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघतो, प्लसला प्लस लावला की बहुतेक वूफरचा कोन बाहेर येतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कॉइलला एकाच बाजूला हलला पाहिजे.

सिग्नल दोन्ही अँपना एकच, मोनो, वाय केबलने (एकाचे दोन फाटे करणारी). लेफ्ट एकाला राइट दुसऱ्याला दिला तरी वाजतं, कारण खालचा बास बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखाच असतो, पण मी देत नाही. मग 50 हर्ट्झचा टोन हळू लावायचा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, आणि दोन्ही अँपच्या आउटपुटला सारखे व्होल्ट येईपर्यंत गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते ठरवणारं बटण) फिरवायचा. घरातली लाइट 50 हर्ट्झचीच, त्यामुळे स्वस्तातलं मीटरही इथे नीट दाखवतं. फिल्टर (वरचे सूर कापून फक्त बास सोडणारा) वाय केबलच्या आधी एकच ठेवा, अँपमधले बंद करा. एकात 80 हर्ट्झला 12 डीबीचा आणि दुसऱ्यात 24 डीबीचा कट असेल (आकडा मोठा तितका कट तीव्र) तर 80 ला दोघांच्या फेजमध्ये, म्हणजे लाटांच्या मागेपुढे असण्यात, 90 अंशांचा फरक पडतो, मग गेन कितीही जुळवा.

रात्री एक अँप बंद ठेवला तर? वाजेल, पण तेवढ्याच व्होल्टला साधारण 6 डीबी कमी, आणि बास ढगळ, कारण कोनला आवरणारी एकच कॉइल उरते. पटत नसेल तर सगळ्या वायरी काढा, एका कॉइलची दोन टोकं वायरने जोडा आणि कोन हाताने दाबून बघा, घट्ट लागतो. वायर काढली की सैल.

आणि वायर वाचवायला दोन्ही अँपचे मायनस एकत्र करू नका हो. छोट्या क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारच्या) अँप बोर्डांत बऱ्याचदा मायनसलाही सिग्नल असतो, ते ग्राउंड नसतं, माझा एक बोर्ड तिथेच गेला. एकाच कॉइलला दोन अँप तर कधीच नाही.

नवीनच घ्यायचं असेल तर 2 ओहम झेपणारा एकच अँप घ्या, कटकट कमी. मी दोन लावले कारण दुसरा माळ्यावर धूळ खात पडला होता.