कोयते निघण्याआधीची पालकसभा

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. तीन ते सहा वर्षे वयाची २२ मुले माझ्या पटावर आहेत. त्यांपैकी १३ मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला निघतात, ते उन्हाळा लागल्यावरच परततात. तोडणीला जाणाऱ्या अशा जोडप्याला इकडे 'कोयता' म्हणतात. पाच मुले त्यांच्याबरोबर फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, जातात आणि आठ मुले आजी-आजोबांजवळ गावात राहतात. पालकांच्या सहभागाचे पहिले नियोजन करताना मी हे लक्षातच घेतले नव्हते.

त्या वर्षी मी दर महिन्याला सकाळी ११ वाजता माता सभा ठेवली. जूनमध्ये चार आया आल्या आणि नोव्हेंबरमध्ये एकच आली, कारण शेतमजुरीला गेलेली बाई अर्धा दिवस मोडून सभेला येऊ शकत नाही. आलेल्या आयांशीही मी वजन, नखे आणि गैरहजेरी यांविषयीच बोलत राहिले. त्या वर्षीचे सभेचे रजिस्टर आज चाळले, तर त्यात एकाही आईने सांगितलेली एकही गोष्ट नोंदलेली सापडत नाही, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती.

पुढच्या जूनमध्ये कागदावर काही मांडण्याआधी मी सगळ्या घरी गृहभेटी पूर्ण केल्या. प्रत्येक घरी तीन प्रश्न विचारले: मुलाला अंगणवाडीत कोण सोडते, घरातील माणसांना सवड कधी असते आणि त्यांना कोणते काम चांगले जमते. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. "बाई, आम्ही अडाणी माणसं, आम्ही लेकरांना काय शिकवावं?" असे एका आजींनी विचारले, तेव्हा त्यांच्या पुढ्यातल्या सुपात हरभरा होता आणि शेजारी बसलेला नातू त्यातले खडे वेचून बाजूला ठेवत होता. वस्तू पाहून, हाताळून वेगळ्या करणे आणि सारख्या वस्तू एकत्र ठेवणे ही गणिताची पहिली पायरी आहे, हे मी त्यांना तिथेच सांगितले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली, आणि भोवताली मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवण्याची साधने उभी केली, हे मी प्रशिक्षणात ऐकले होते. त्याचा अर्थ मला त्या ओसरीवर उमगला.

त्यानंतर मी वर्षाची आखणी गावाच्या वर्षाप्रमाणे केली. आईवडील गावात असतात त्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत सभा संध्याकाळी सातला, देवळाच्या ओट्यावर घ्यायची. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्याआधी एक मोठी सभा घ्यायची. आणि नोव्हेंबरपासून आजी-आजोबांना आठवड्यातून दोन दिवस, एका वेळी एकालाच, वीस मिनिटांसाठी वर्गात बोलवायचे. आठवडी बाजाराचा दिवस आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आजी तालुक्याला जातात तो दिवस मी टाळला. एका आजोबांनी अंबाडीच्या वाखाची दोरी वळून दाखवली आणि मुलांनी बोटांनी पीळ घालून पाहिला. हुरड्याच्या दिवसांत दुसऱ्या आजोबांनी आणलेली ज्वारीची कणसे मुलांनी लहानमोठी अशी ओळीने मांडली.

खरी कसोटी वडिलांच्या प्रश्नाची होती. "पाटीवर अक्षर का नाही? नुसतं खेळायला पोरगं कशाला पाठवायचं?" असे जुलैच्या सभेत एका वडिलांनी विचारले आणि इतरांनीही माना डोलावल्या. त्या प्रश्नामागची काळजी मी समजू शकत होते, कारण आपल्या हातातला कोयता मुलाच्या हाती जाऊ नये, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. मी व्याख्यान दिले नाही. पुढच्या सभेला आठ-दहा पालकांना मुलांच्याच जागी बसवून मणी ओवायला, चिंचोके मोजून वाट्यांत टाकायला आणि चित्र पाहून गोष्ट सांगायला दिले, आणि प्रत्येक कामानंतर त्यात बोटे, डोळे आणि भाषा यांची कोणती तयारी होते ते सांगितले. सगळ्यांची समजूत पटली, असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वडिलांनी पुढच्या आठवड्यात बाभळीच्या लाकडाचे वीस गुळगुळीत ठोकळे तासून आणून दिले.

फडावरून आईवडिलांनी फोनवर आवाज पाठवायचा आणि तो सकाळी मुलांना ऐकवायचा, ही कल्पना मला फार आवडली होती. पहिल्याच दिवशी तीन जणांचे आवाज ऐकवले आणि जिच्या आईचा निरोप आला नव्हता ती मुलगी दुपारपर्यंत रडत राहिली. तेव्हापासून मी टोळ्या निघण्याआधीच्या सभेतच प्रत्येक आईकडून आणि वडिलांकडून एकेक गोष्ट, आठवण किंवा अंगाई ध्वनिमुद्रित करून घेते, आणि रोज एका मुलाची पाळी लावते. फडावरून येणारे नवे निरोप मी मदतनीसताईंजवळ बसवून ज्याचे त्यालाच ऐकवते.

फडावर जाणाऱ्या पाच मुलांसाठी गेल्या वर्षी मी कापडी पिशव्या शिवल्या. त्यांत चिंचोके, चित्रांची कार्डे, दोरा आणि मणी घातले आणि रात्री भाकरी झाल्यावर दहा मिनिटे मुलाजवळ बसून काय काय करता येईल, ते आयांना करून दाखवले. एप्रिलमध्ये तीन पिशव्या परत आल्या. त्यांतल्या एकीत मणी उरले नव्हते, पण पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, काड्यांच्या बोटाएवढ्या मोळ्या होत्या. "बापाचं बघून बांधल्यात, एकीत पाचच काड्या घालायच्या असं तिनंच ठरवलं," असे त्या मुलीच्या आईने सांगितले. या वर्षीच्या सभेत पिशवीत काय असावे, हे मी त्या आईलाच विचारणार आहे, आणि ज्या दोन पिशव्या परत आल्या नाहीत त्या घरी त्याआधी जाऊन येणार आहे.