मालगुजारी तलावात कयाक

समुद्र आमच्या गोंदिया जिल्ह्यापासून फार लांब. जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव मात्र पावलोपावली. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात आणि आम्ही पाळीवर बसून दुर्बिणीतून ठिपके मोजतो. यंदा कोकणात तारकर्लीला कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद नाव, चालवून आलेल्या मित्राने फुगवायच्या दोन कयाक मिळवल्या.

आधी परवानगी. तलावाचा ठेका ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे. तिथले काका म्हणाले, "जा ना बाप्पा, पण जाळ्याइकडे नोको जाऊ. अन् शिंगाड्याइकडे तं बिलकुलच नोको." शिंगाड्याचे काटे रबराला काय करतील, ते सांगायची गरज नव्हती.

लाइफ जॅकेट घालून छातीभर पाण्यात मुद्दाम उलटायचा सराव केला. त्यात सकाळ गेली, पण तो टाळू नये. परत चढताना हातांच्या जोरावर अंग उचलायला गेलं की नाव पुन्हा अंगावर येते. पाय मारत पोटावर आडवं सरकायचं, मग वळून बसायचं. इथे भरती-ओहोटी नाही, वारा आहे. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर परतीला तोच ढकलतो.

पक्ष्यांचं गणित वेगळं. खरे चौकीदार वारकरी. कपाळावर पांढरा टिळा असलेले हे काळे पक्षी उडण्याआधी पाण्यावर फडफडत धावतात आणि त्यांची धांदल बघून सगळा तलाव उठतो. त्यांना लांबून वळसा घातला. हळदी-कुंकू बदकांकडेही सरळ न जाता तिरके गेलो, वल्हं मांडीवर ठेवून नाव वाहू दिली. मग ती नुसती मान वर करून पोहत राहिली. चक्रवाकांनी मात्र दाद दिली नाही. लडाख-तिबेटाकडून येणारे हे नारिंगी पाहुणे आमची नारिंगी जॅकेटं दिसताच ओरडत उडाले.

तेवढ्यात काका डोंग्यातून जाळं काढायला आले. उभे राहून बांबू रेटत ते चक्रवाकांच्या दुसऱ्या थव्याजवळून गेले, एकही उडाला नाही. पक्ष्यांना रोजचा डोंगा ओळखीचा, आमचं फुगलेलं प्रकरण नाही. दुसऱ्या दिवशी मळकट शर्ट जॅकेटांवर चढवले, काकांची वेळ विचारून घेतली आणि जाळी सोडून त्यांच्या मागे मागे गेलो. चक्रवाक तरीही उडाले, पण बऱ्याच उशिरा.